‘बाकी सारे सारखे’ : एका शालेय धड्याचा इतिहास

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर एक प्रयोग हमखास सापडतो. दोन कुंड्या घ्याव्यात, दोहोंत एकाच ढिगातली माती भरावी, एकाच जातीचे बी पेरावे, मोजून तेवढेच पाणी घालावे. मग एक कुंडी उजेडात ठेवावी आणि दुसरी अंधाऱ्या खोलीत. आठ-दहा दिवसांनी दोन्ही रोपांत जो फरक दिसेल तो उजेडाचा. मुले हा धडा एका वाक्यात पाठ करतात : एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे सारखे ठेवायचे. यालाच पुस्तके ‘नियंत्रित प्रयोग’ म्हणतात. आपल्या घरांतली मुले बडोद्यास गुजरातीतून शिकोत, इंदूर-ग्वाल्हेरीस हिंदीतून शिकोत की बेळगावात मराठी वा कन्नडातून, वाक्य तेच असते. परीक्षेत त्याला दोन गुण मिळतात आणि पुढच्या पाठात बल, गती, घर्षण ही मंडळी आली की ते विसरले जाते.

हे वाक्य दोन गुणांचे नाही, असे आम्हांस फार दिवस वाटत आले आहे. ते रुळायला माणसाला हजारो वर्षे लागली. त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्याने जहाजेच्या जहाजे माणसे मेली. आणि त्याची एक अत्यंत कठोर परीक्षा बडोदे शहरापासून अवघ्या सहा मैलांवरच्या एका खेड्यात, घराघरांतून झाली. त्या खेड्याकडे जाण्याआधी मात्र थोडी वाट वाकडी करून गतीच्या पाठाकडे जाणे भाग आहे. कारण या वाक्याचा एक गुण, आणि आमच्या मते सर्वांत मोठा गुण, तिथे प्रथम स्पष्ट दिसतो.

जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर खाली पडते, असे अॅरिस्टॉटलने सांगितले आणि युरोपने ते सुमारे दोन हजार वर्षे मानले. यात त्या लोकांचा मूर्खपणा होता असे समजण्याचे कारण नाही. दगड आणि पीस एकदम सोडले तर दगडच आधी पोहोचतो, हे कोणालाही दिसते. चूक पाहण्यात नव्हती, तुलनेत होती. दगड आणि पीस यांत वजनाखेरीज आणखीही बरेच वेगळे असते. त्यांतले मुख्य म्हणजे हवेचा अडथळा. सायमन स्टेव्हिन या डच अभियंत्याने १५८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका प्रयोगाची हकीकत दिली आहे. शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दसपट वजनाचा, तीस फुटांवरून खालच्या फळीवर टाकले, तेव्हा दोहोंचा आवाज एकाच वेळी आला. धातू तोच, आकार तोच, उंची तीच. बदलले ते वजन. गॅलिलिओने पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची जी कथा आपण ऐकत आलो, ती त्याचा शिष्य व्हिव्हियानी याने लिहिलेल्या चरित्रातून आली आहे आणि इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. तशी आवश्यकताही नाही. गॅलिलिओचे खरे काम त्याहून मोठे होते.

ते काम त्याने १६३८ साली लायडन येथे छापून आलेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात सांगितले आहे. सरळ पडणारी वस्तू इतकी वेगाने पडते की त्या काळी ती मोजण्याचे साधन नव्हते. म्हणून त्याने पडणे मंद केले. बारा हात लांबीची एक फळी घेतली, तीत सरळ खोबणी कोरली, ती गुळगुळीत करून तिला चर्मपत्राचे अस्तर दिले, फळीचे एक टोक उचलून तिला उतार दिला आणि खोबणीतून कांशाचा घोटीव गोळा सोडला. वेळ मोजण्यासाठी पाण्याचे मोठे भांडे टांगले. त्याच्या तळच्या बारीक नळीतून गोळा घरंगळत असताना जेवढे पाणी पेल्यात पडे तेवढे तो नाजूक तराजूत तोलत असे. कधी पूर्ण लांबी, कधी निम्मी, कधी पाव. असे शंभर-शंभर वेळा. निघाले ते असे की दुप्पट वेळेत गोळा चौपट अंतर जातो, तिप्पट वेळेत नऊपट. गती एकसारखी वाढत जाते, आणि ती कशी वाढते याचा हिशेब सांगता येतो.

आता यातली गंमत पाहा. गोळा खाली का जातो, पृथ्वी त्याला कशी ओढते, हे गॅलिलिओला ठाऊक नव्हते. कारणाचा शोध त्याने त्या ग्रंथात मुद्दाम बाजूला ठेवला. गुरुत्वाकर्षणाचा नियम न्यूटनने १६८७ साली मांडला, तेव्हा गॅलिलिओला जाऊन पंचेचाळीस वर्षे झाली होती. दुसरीही एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. घरंगळणारा गोळा नुसता पुढे सरकत नाही, स्वतःभोवती फिरतोही, आणि उताराने दिलेल्या जोरातला काही भाग त्या फिरण्यात खर्च होतो. सपाट उतारावर घरंगळणारा भरीव गोळा घर्षणाशिवाय नुसत्या घसरणाऱ्या वस्तूच्या मानाने पाच-सप्तमांश त्वरणानेच उतरतो. गॅलिलिओच्या हिशेबात हा भाग कुठेच नाही. तरी त्याचा नियम चुकला नाही. कारण गोळा तोच, खोबणी तीच. फिरण्यात जाणारा हिस्सा प्रत्येक खेपेस त्याच प्रमाणात जात होता, आणि एका खेपेची दुसऱ्या खेपेशी तुलना करताना तो आपोआप बाद होत होता. म्हणजे ‘बाकी सारे सारखे’ ठेवले की आपल्याला माहीत असलेल्या अडचणींपासून बचाव होतोच, पण ज्यांची आपल्याला वार्ताही नाही त्यांच्यापासूनही होतो. हा मुद्दा वाचकांनी मनात ठेवावा. तो पुढे लागणार आहे.

गोळा तक्रार करीत नाही. त्याला शंभर वेळा वर नेऊन सोडता येते. माणसाच्या शरीरावर हीच रीत लावायची तर प्रश्न अवघड होतो, आणि ती लावण्याचा पहिला नामांकित प्रयत्न समुद्रावर झाला. लांबच्या सफरीत खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्या सुजून सडत, जुन्या जखमा पुन्हा उघडत, माणूस उभ्याउभ्या कोसळे. उपाय सांगणारे पुष्कळ होते. प्रत्येकाचा उपाय निराळा आणि प्रत्येकाजवळ बरा झालेला एखादा रुग्ण. १७४७ सालच्या मे महिन्यात ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील शल्यवैद्य जेम्स लिंड याने बारा रुग्ण निवडले, शक्य तितके एकसारख्या अवस्थेतले. सर्वांना एकाच जागी ठेवले, सर्वांना एकच आहार दिला आणि दोघादोघांच्या सहा जोड्या पाडल्या. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली वारुणी, दुसरीला पाण्यात मिसळलेले गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला रोज दोन संत्री व एक लिंबू, सहावीला लसूण-मोहरी वगैरेंचे चाटण. सहा दिवसांत फळे संपली. पण तेवढ्यात त्या जोडीतला एकजण कामावर रुजू होण्याइतका सावरला होता आणि दुसरा इतर रुग्णांची शुश्रूषा करू लागला होता.

इथे कथा संपायला हवी होती. ती संपली नाही. लिंडने आपला ग्रंथ १७५३ साली काढला, पण त्या जाड ग्रंथात हा प्रयोग काही परिच्छेदांत उरकला गेला. पुढे टिकाऊपणासाठी त्याने फळांचा रस आटवून ठेवण्याची कृती सुचवली, आणि आटवताना रसातले नेमके गुणकारी द्रव्य नष्ट होत होते. त्या द्रव्याला आपण आज ‘क’ जीवनसत्त्व म्हणतो. ते विसाव्या शतकात हाती आले. ब्रिटिश आरमाराने लिंबाच्या रसाचा पुरवठा सर्रास सुरू करण्याचे ठरवले ते १७९५ साली, लिंडच्या मृत्यूनंतर वर्षभराने. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत पुरावा हाताशी होता; ओळखणारे डोळे नव्हते.

आता मुंबईकडे येऊ. १८९६ सालच्या सप्टेंबरात मांडवी भागात माणसे तापाने आणि काखेत-जांघेत आलेल्या गाठींनी मरू लागली. हा प्लेग आहे असे निदान करणारे डॉ. आकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. पुढचे आपल्या घराण्यांच्या स्मृतीत अजून आहे. कित्येकांच्या पणज्या-आज्यांनी गाव सोडून शेतात झोपड्या बांधल्याच्या गोष्टी सांगितल्या आहेत. पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले मार्च १८९७ मध्ये गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये रँडचा वध झाला. त्या कडवट राजकीय इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या शेजारीच चाललेल्या एका दुसऱ्या इतिहासाकडे मात्र आपले लक्ष कमी गेले.

वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ १८९६च्या ऑक्टोबरात मुंबईस आला. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत त्याने पटकीची लस तयार केली होती आणि १८९३पासून हिंदुस्थानात तो ती टोचत फिरत होता. कलकत्त्याच्या कट्टल बागान या वस्तीत १८९४ साली सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर तिथे पटकीचे व तत्सम जे दहा रुग्ण झाले ते सगळे न टोचलेल्यांपैकी निघाले. शेजारी राहणाऱ्यांची, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्यांची तुलना करायची, ही त्याची दृष्टी तेव्हापासूनची.

मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीस एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचे जंतू वाढवण्याची त्याची कृती आपल्या स्वयंपाकघराला जवळची होती. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही चालावे म्हणून गाय किंवा डुकराचे मांस वर्ज्य करून बकऱ्याच्या मांसाचा रस्सा तो वापरी आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवी. जंतू त्या थेंबांना धरून, गुहेच्या छतातून चुनखडीचे खांब लोंबावेत तसे, खाली लोंबत वाढत. भांडे हलवले की ते तळाशी पडत आणि नवी वाढ सुरू होई. पुढे हे सारे तापवून जंतू मारले जात व त्यात कार्बॉलिक आम्ल घालत. १० जानेवारी १८९७ रोजी ही लस त्याने प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप चढला, अंग मोडून आले, तो वाचला. याने लस घातक नाही एवढे ठरले. ती उपयोगी आहे की नाही, हे एका माणसावरून ठरणे शक्यच नव्हते.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तुरुंग ही अशा कामाला, क्रूर वाटले तरी, सोयीची जागा असते. एकच छत, एकच अन्न, एकच दिनक्रम. कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना टोचले, उरलेल्यांना नाही. टोचलेल्यांत रोग अगदी कमी झाला. पण चिकित्सक माणूस इथे थांबून विचारील : पुढे आले ते कोण होते? धडधाकट होते की भित्रे, तरुण होते की म्हातारे? जे स्वतः निवड करतात ते न करणाऱ्यांपेक्षा वेगळे असू शकतात, आणि मग ‘बाकी सारे’ सारखे राहत नाही. ही उणीव लक्षात घेऊनच असेल, १८९८च्या आरंभी उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना अंगणात रांगांनी बसवले आणि एकाआड एकाला टोचले. ही रीत साधीच. आपल्या पंगतीतला वाढपीसुद्धा ती सहज करील. पण तिच्यामुळे निवडीचा हक्क कैद्याच्या, आणि डॉक्टरच्याही, मनातून काढून रांगेकडे दिला गेला.

याच सुमारास दमणहून आलेले आकडे डोळे दिपवणारे होते. दमण गोव्याप्रमाणेच पोर्तुगीज सत्तेखाली. तिथल्या खालच्या दमणमध्ये १८९७च्या साथीत ८,२३० लोकवस्तीपैकी २,१९७ लोकांनी टोचून घेतले. त्यांतले ३६ दगावले. न टोचलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ मेले. शेकडा दीडच्या थोडे वर आणि शेकडा चोवीसच्या वर, असा हा फरक. आठ हजारांवर माणसांचा हिशेब म्हटल्यावर आणखी काय हवे, असे कोणीही म्हणेल.

आमचे मत निराळे आहे. दमणचे आकडे मोठे आहेत, पण तुलना ढिली आहे. टोचून घ्यायला आलेली घरे शिकलेली किंवा सुस्थितीतली असू शकतात. त्यांची वस्ती निराळी, घर हवेशीर, साथ आल्यावर दूर राहण्याची सोय. शिवाय टोचणी एका दिवसात होत नसते. जो माणूस साथीच्या दुसऱ्या महिन्यात टोचून घ्यायला येतो, तो पहिल्या महिन्यात वाचलेलाच असतो. आणि पहिल्या महिन्यात जो मेला, तो टोचून घेण्याची संधी येण्याआधीच न टोचलेल्यांच्या खात्यात मांडला जातो. असा हिशेब लसीच्या बाजूने आपोआप झुकतो. लस निव्वळ पाणी असती तरी काही फरक दिसलाच असता. किती दिसला असता, ते दमणचे आकडे सांगू शकत नाहीत.

ते सांगितले उंडेऱ्याने. बडोद्यापासून सहा मैलांवरचे हे खेडे सयाजीराव महाराजांच्या अमलातले. लोकवस्ती हजाराच्या आसपास. १८९८च्या आरंभी गावात प्लेग आला होता आणि माणसे मरत होती. १२ फेब्रुवारी रोजी हाफकिन आणि त्याचे सहकारी बॅनरमन गावात आले. कुटुंबवार खानेसुमारी झालेली होती. एकेका कुटुंबाला बोलावून समोर बसवले आणि त्या कुटुंबातल्या जवळजवळ निम्म्या माणसांना टोचले. निम्म्यांना टोचले नाही. कोणी यावे, कोणी न यावे हा प्रश्नच ठेवला नाही. बायका, पुरुष, मुले दोन्ही बाजूंना येतील असे पाहिले. मग गाव होते तसे सोडून दिले.

त्यानंतर ज्या अठ्ठावीस घरांत प्लेग शिरला त्यांचाच हिशेब पाहायचा. या घरांत टोचलेली माणसे ७१ होती आणि न टोचलेली ६४. चौसष्टांपैकी सत्तावीस जणांना रोग झाला आणि त्यांतले सव्वीस मेले, एकच वाचला. एकाहत्तरांपैकी आठ जणांना रोग झाला आणि तिघे मेले. न टोचलेल्यांच्या प्रमाणात मृत्यू आले असते तर एकाहत्तरांत सुमारे एकोणतीस माणसे जायला हवी होती. गेली तीन. दमणच्या आठ हजारांपुढे ही १३५ माणसे मूठभर. पण आमच्या मते त्या काळातला प्लेगच्या लसीचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे ही मूठभर माणसेच.

कारण इथे श्रीमंत घर आणि गरीब घर अशी तुलनाच नाही. एकाच घरातला टोचलेला भाऊ आणि न टोचलेला भाऊ यांची तुलना आहे. ओसरी तीच, भाकरी तीच, धान्याची कणगी तीच, रात्री अंथरूण पडायची जमीन तीच. आता गॅलिलिओच्या गोळ्याची आठवण करून द्यायची वेळ आली. १८९८च्या फेब्रुवारीत प्लेग माणसाला कसा लागतो, हे हाफकिनला माहीत नव्हते. जंतू सापडला होता, मार्ग सापडला नव्हता. कोणी दूषित हवा म्हणत होते, कोणी कपडे, कोणी धान्य, कोणी जमीन. उंदराच्या अंगावरची पिसू हा मार्ग असल्याचा पुरावा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराला कराचीत मिळाला तो त्याच वर्षी जूनमध्ये. आणि त्याचेही म्हणणे सर्वमान्य व्हायला आणखी दहा वर्षे जावी लागली. तरीही उंडेऱ्याच्या प्रयोगात पिसवांचा हिशेब बरोबर झालेला होता. घरातले उंदीर घरातल्या सर्वांचे. त्यांच्या पिसवा टोचलेला आणि न टोचलेला असा भेद करीत नाहीत. रोगाचे कारण काहीही निघाले असते, हवा, पाणी, धान्य, पिसू, तरी ते घरातल्या सर्वांना सारखेच भोगावे लागणार होते. जे ठाऊक नव्हते तेही दोन्ही पारड्यांत सारखे पडले.

हे वाचताना कौतुकाबरोबर मनाला एक बोच लागते, आणि ती लागावी. प्रत्येक घरात निम्म्यांना मुद्दाम वगळले होते. भायखळा, दमण आणि उमरखाडी यानंतर हाफकिनचा स्वतःचा आपल्या लसीवर विश्वास नव्हता असे कोण म्हणेल? त्याचा विश्वास होता, जगाचा नव्हता. टोचणीविरुद्ध अफवा होत्या, सरकारी डॉक्टरांतही मतभेद होते. सव्वीस मृत्यूंनी तो वाद पुष्कळसा मिटवला. पण त्या सव्वीस माणसांना, आणि एका मुलाला टोचून दुसऱ्याला तसेच परत नेणाऱ्या आईला, आपण कशात भाग घेत आहोत हे कितपत समजावून सांगितले गेले असेल? आजच्या कोणत्याही नीतिसमितीपुढे हा प्रयोग टिकणार नाही. माणसाच्या जाणत्या संमतीशिवाय प्रयोग करू नये हे तत्त्व न्यूरेंबर्गच्या खटल्यात १९४७ साली लेखी आले आणि १९६४च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने ते वैद्यकाच्या गळी उतरवले. हाफकिनला त्या मोजपट्टीने मोजावे की नाही, यावर आमच्यातच एकमत नाही. एवढे मात्र खरे की टोचणी न करता बसलेल्या हजारो गावांत तेव्हा माणसे मरतच होती आणि त्यांच्या मरणातून कोणालाच काही कळत नव्हते.

प्रयोग निर्दोष नव्हता. कोणाला टोचायचे हे टोचणाऱ्यांनी ठरवले, चिठ्ठी टाकून नव्हे. आणि कोण टोचलेला आहे हे सर्वांना माहीत होते. नशिबाच्या हाती निवड सोपवण्याची पद्धत वैद्यकात नीट रुजली ती १९४८ साली, क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीपासून. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने हाफकिनचे आकडे कसून तपासले, ठिकठिकाणच्या नोंदींतल्या उणिवा दाखवल्या. मात्र टोचणीने लागणही घटते आणि मृत्यूही घटतात, हे त्यालाही मान्य करावे लागले. त्या लसीचा अंमल काही महिन्यांचाच असे आणि टोचल्यावर ताप चांगलाच येई. पुढे प्रतिजैविके आली, आणि मेलेल्या जंतूंच्या त्या जुन्या लसीचा सार्वत्रिक वापर मागे पडला.

या इतिहासाला एक शेपूट आहे, आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. कारण हेच शालेय वाक्य पुढे हाफकिनच्या स्वतःच्या बचावाला उभे राहायला हवे होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ लोकांना टोचले. त्यांतल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. ओरड झाली : लस विषारी, प्रयोगशाळा गलिच्छ, हाफकिनने कृती बदलून घात केला. चौकशी बसली आणि त्याला कामावरून दूर केले गेले.

आता प्रश्न शाळकरी पद्धतीने विचारावा. एकोणीस जणांत आणि उरलेल्या अठ्ठ्याऐंशींत वेगळे काय होते? गाव तेच, दिवस तोच, टोचणारा तोच, लस त्याच प्रयोगशाळेतली. वेगळी होती ती बाटली. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून, ५३-एन अशा क्रमांकाच्या, टोचलेले होते. म्हणजे दोष सगळ्या लसीत नव्हता, त्या बाटलीत होता. मग तो तीत शिरला कुठे? मुंबईस बाटली भरताना, की मलकोवालला उघडताना? भरताना शिरला असता तर मधल्या दिवसांत जंतू वाढून बाटलीला दुर्गंधी यायला हवी होती; टोचणाऱ्या डॉक्टरने उघडताना हुंगली तेव्हा तशी काही आढळली नव्हती. उलट, बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो आचेवर न धरता नुसता औषधी पाण्यात बुडवून पुन्हा वापरला, ही गोष्ट साक्षीत आली होती. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तेव्हाही माहीत होते.

इतका सरळ हिशेब पटायला पाच वर्षे लागली. लंडनच्या लिस्टर संस्थेचे मत आले, कागदपत्रे छापली गेली, आणि अखेर हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र २९ जुलै १९०७ रोजी ‘टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाले. दोषमुक्त होऊन हाफकिन त्या वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थानात परतला. पण परळची जी प्रयोगशाळा त्याने उभारली होती, तिथले पद दुसऱ्याकडे गेले होते. त्याला कलकत्त्यास जागा मिळाली, संशोधन करण्याची मुभा मिळाली; लस टोचून पाहण्याचे काम मात्र त्याच्या हाती पुन्हा दिले गेले नाही. परळच्या त्या संस्थेला त्याचे नाव मिळाले ते १९२५ साली, तो हिंदुस्थान सोडून गेल्याला दहा-अकरा वर्षे झाल्यावर.